सूचना फक्त लहानूसाठी

कंपनीच्या वर्धापनदिनाच्या दिवशी दुपारी दोन वाजता ललित मौले सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षात बसला. शेजारी बायको ज्योत्स्ना, तिच्या मांडीवर मॉनिटर आणि पायाशी वायरींची पिशवी. नाशिकच्या सिडकोतून अंबडला जायला रिक्षाला दहा मिनिटं पुरतात, पण ललित प्रत्येक खड्ड्याला "हळू, हळू" करत होता, त्यामुळे त्या दिवशी पंचवीस लागली. शेवटी रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कोणी बाळंतीण आहे का?"

"संगणक आहे," ललित म्हणाला.

"मग ठीक. मला वाटलं काही नाजूक आहे," असं म्हणून त्यानं पुढचा खड्डा सरळ अंगावर घेतला.

ललित कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्यात होता. टूलरूमची माणसं केसाचा विसावा भागसुद्धा मोजून दाखवतील, पण वर्धापनदिनाच्या करमणूक स्पर्धेत मात्र नऊ वर्षांत त्यांच्या नावावर एक उत्तेजनार्थही नव्हतं. दर वर्षी पेंटशॉपचा ऑर्केस्ट्रा पहिला यायचा. मागल्या वर्षी तर कॅंटीनच्या आचाऱ्यांनी भारूड करून टूलरूमला मागे टाकलं होतं, आणि त्यानंतर महिनाभर आमटी वाढताना ते टूलरूमवाल्यांकडे बघून हसायचे.

म्हणून २००४ साली ललितनं ठरवलं, की यंदा संगणक. घरच्या संगणकावर त्यानं संगीताचा एक प्रोग्रॅम घालून घेतला होता. त्यात तबला, ढोलकी, बासरी, व्हायोलिन, सगळं एकेका पट्टीवर बसवता येई. तीन महिने खपून त्यानं सहा मिनिटांची एक रचना बांधली. तिच्यात सगळं होतं, फक्त जीव नव्हता. हे ललितला कळत होतं, पण जीव कुठल्या मेनूत मिळतो ते कळत नव्हतं.

तो सापडला लोडिंगच्या शेडमागे. जेवणाच्या सुट्टीत ललित हात धुवायला तिकडे गेला आणि त्याला एक सूर ऐकू आला. रुंद, घोगरा, मध्ये कुठेही न तुटणारा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून एक माणूस पावरी वाजवत होता. भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा वळवून केलेला भलामोठा कर्णा. माणूस रोजच्या पाहण्यातला होता. ट्रकमधून पेट्या उतरवणारा, ज्याला सगळे "ए भाऊ, इकडे" एवढ्याच नावानं ओळखत.

"नाव काय तुमचं?" ललितनं विचारलं.

माणूस घाईघाईनं उठून उभा राहिला. "लहानू भोये. पेठकडचा. सुट्टी चालू हाय ना साहेब अजून?"

"बसा हो. तुम्ही श्वास कधी घेता?"

"मंजे?"

"पाच मिनिटं ऐकतोय. मध्ये एकदाही थांबला नाहीत."

लहानू हसला. "नाकानं घ्यायचा, गालानं सोडायचा. थांबलं तर नाचणारे कुठं जातील?"

जीव सापडला. आता प्रश्न एवढाच होता, की तो सहा मिनिटांच्या मापात कसा बसवायचा. संगणकाची ढोलकी ठरल्या मात्रेला ठरल्या जागी पडणार. लहानूची पावरी सुटली की सुटली. कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, हे त्याला कोणीतरी कानात सांगायला हवं होतं, आणि ते प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये. ललितनं डोकं चालवलं. मुंबईहून एक बाहेरून लावायचं साउंड कार्ड मागवलं, काडेपेटीएवढी डबी. आता संगणकाला आवाजाच्या दोन वाटा झाल्या. संगीत जुन्या कार्डातून मोठ्या स्पीकरला, आणि सूचना नव्या डबीतून, लांब वायरीच्या हेडफोनवाटे, लहानूच्या कानात.

सूचना आधी ललितनं स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केल्या. पहिल्या सरावाला लहानूनं हेडफोन घातला, "तयार राहा" हे शब्द ऐकले आणि पावरी खाली ठेवून अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"काय झालं?"

"साहेब, तुमचा आवाज आला का मला वाटतं गाडी लागली, माल उतरवायचा."

तेव्हा काम ज्योत्स्नाकडे आलं. ती सिडकोतच बालवाडी चालवायची. बारा वर्षं तिनं तीन-तीन वर्षांच्या पोरांना रांगेत उभं केलं होतं. तिच्या आवाजात अशी काही जादू होती, की ती "हात वर" म्हणाली की शेजारच्या दुकानदाराचेही हात वर जायचे. रविवारी सकाळी तिनं स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत संगणकापुढे बसून, कागद न घेता, एका दमात सहा मिनिटं बोलून टाकली. मध्ये कुकरची शिट्टी झाली, भांडं पडलं, तिनं ललितला काहीतरी सांगितलं, तेही त्यात आलं.

"पुन्हा करू या का?" ललित म्हणाला.

"कशाला? लहानूभाऊंशिवाय कोण ऐकणार आहे?"

हे पटण्यासारखं होतं. शिवाय ललितला कुकर बंद करायला उठावं लागलं होतं, त्यामुळे मधला भाग त्यानं ऐकलाच नव्हता. तो त्यानं नंतरही ऐकला नाही. मात्रा जुळल्या, एवढं पाहिलं आणि सोडून दिलं.

सभागृहात पोचल्यावर आवाज तपासायला अर्धा तास मिळणार होता. तो पेंटशॉपच्या ऑर्केस्ट्रानं "हॅलो, चेक, चेक" म्हणण्यात घालवला. ललितला उरली चार मिनिटं. त्यानं विंगेत टेबल ओढलं, घाईघाईनं वायरी जोडल्या. डबी नेहमी सीपीयूच्या पुढच्या यूएसबीच्या तोंडात लावायची, पण पुढचं तोंड टेबलाच्या कडेला टेकलेलं होतं. त्यानं ती मागच्या तोंडात खोचली. तोंड पुढचं काय आणि मागचं काय, असा विचार त्यानं केला. संगणकानं मात्र तसा विचार केला नाही. त्याच्या दृष्टीनं ही कोणी नवीनच डबी आली होती. त्यानं यादी नव्यानं मांडली आणि मांडताना नव्या पाहुणीला पहिला नंबर देऊन जुन्या कार्डाला दुसऱ्यावर ढकललं. प्रोग्रॅमला नावं लक्षात राहत नसत, फक्त नंबर राहत. पहिल्या नंबराला संगीत, दुसऱ्याला सूचना. झालं.

सभागृहाचे साउंडवाले वाळूमामा तीस वर्षं याच विंगेत बसून होते. त्यांनी डबीकडे संशयानं पाहिलं. "ह्याच्यातून काय निघणार?"

"सूचना. फक्त लहानूसाठी. तुम्ही एवढंच करा मामा, पावरीपुढचा माइक आणि संगणकाचं संगीत मोठ्या स्पीकरला द्या. आणि एकदा सुरू झालं की थांबवायचं नाही. मध्ये थांबलं तर स्पर्धेतून बाद, असा नियम आहे."

"आपन नाय थांबवत," वाळूमामा म्हणाले. "तुमचं यंत्र काय म्हणतं ते बघा."

ललितनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. सहाशे माणसं. पहिल्या रांगेत मधोमध प्रकल्पप्रमुख देवस्थळी साहेब. साहेब फार शिस्तीचे. कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसायचे आणि दुसऱ्या कार्यक्रमापासून पेंगायचे. त्यांच्या शेजारी परीक्षक, संगीताचे निवृत्त शिक्षक तांबट सर, हातात पेन्सिल. चौथ्या रांगेत ज्योत्स्ना. तिच्या शेजारी लहानूची आई नवसाबाई, सकाळच्या एसटीनं पेठहून आलेली, नवं लुगडं नेसून, खुर्चीच्या अगदी काठावर. मुलगा नाशकात नेमकं काय करतो ते तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

पडदा वर गेला. लहानू मधोमध उभा, डोक्यावर हेडफोन, हातात पावरी. ललितनं कळ दाबली.

लहानूच्या कानात ढोलकी, बासरी, व्हायोलिन असं सगळं धो धो सुरू झालं. ज्योत्स्नाताईंचा आवाज मात्र आला नाही. ताई सांगतील तेव्हा वाजवायचं असं ठरलं होतं, म्हणून तो शांतपणे वाट पाहत उभा राहिला.

आणि सभागृहाच्या दोन्ही बाजूंच्या माणसाएवढ्या स्पीकरमधून, स्वच्छ, प्रेमळ आवाजात शब्द आले:

"नमस्कार. घाबरायचं नाही. मी आहे ना."

सहाशे माणसं गप्प झाली.

"पाठ ताठ. खांदे सैल. छान."

पाठी ताठ झाल्याचा आवाज ललितला विंगेत ऐकू आला. सहाशे खुर्च्या एकदम करकरल्या होत्या.

"आता मोठ्ठा श्वास घ्या… आणि सोडा."

फॅक्टरीच्या बॉयलरसारखा सुस्कारा उठला. चौथ्या रांगेत काय चाललं होतं ते ज्योत्स्नानं त्याला नंतर सांगितलं. नवसाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "बाई, आवाज तर तुमचाच हाय. तोंड तर मिटेल हाय. मंग बोलता कुठून?"

विंगेत ललित यादी उघडून माऊस झटकत होता. चूक लक्षात यायला त्याला फार वेळ लागला नाही. नंबर उलटे झाले होते. उलटे करायचे की काम फत्ते. त्यानं संगीताला दुसरा नंबर दिला, सूचनांना पहिला, आणि 'ओके' दाबलं. दोन सेकंद शांतता झाली. मग स्पीकरमधून पुन्हा ज्योत्स्ना:

"पहिल्या रांगेतले साहेब एव्हाना पेंगले असतील. तिकडे बघायचं नाही हं."

सहाशे माणसांनी तिकडे बघितलं. साहेब पेंगले होते. आपल्याकडे कोणी पाहतंय हे माणसाला झोपेतही कळतं. साहेब दचकून ताठ बसले आणि काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवू लागले. सगळ्या सभागृहानं त्यांना साथ दिली.

"हे कसं झालं?" ललित ओरडला. "मी बदललं ना!"

मागून वाळूमामांचं डोकं वर आलं. त्यांच्या दोन्ही हातांत वायरी होत्या. "तुम्ही बी बदललं? मी मागून वायरी उलट्या केल्या की राव!"

"मामा, मी आतून उलटं केलं, तुम्ही बाहेरून उलटं केलंत, म्हणजे झालं काय?"

"सरळ."

"म्हणजे पुन्हा चुकीचं!"

"मंग करतो परत," वाळूमामा म्हणाले आणि खाली वाकले. त्याच क्षणी ललितनंही घाईत आपला बदल मागे घेतला. दोन सेकंद शांतता. लहानूच्या कानात व्हायोलिन, आणि सभागृहात:

"आता माझ्याबरोबर मोजायचं. एक, दोन…"

"तीन, चार!" सभागृहानं मोजलं. पेंटशॉपची माणसंसुद्धा मोजत होती.

ललित आणि वाळूमामा एकमेकांकडे बघत राहिले. "आता काय केलंत?" "तुम्ही काय केलंत?" "मी परत केलं." "मी बी."

"ऐका," ललित दम घेत म्हणाला, "आता एकानंच हात लावायचा."

"बरोबर. एकानंच."

आणि समंजसपणानं दोघांनीही हात मागे घेतले. ललितला वाटलं मामा करतायत. मामांना वाटलं ललितसाहेब करतायत.

"पाच, सहा, सात, आठ…" सभागृहाचं छप्पर दणाणत होतं. आता एवढा मोठा आवाज हेडफोनमधूनही आत शिरला. लहानूनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. सहाशे माणसं आपल्याकडे बघून मोजतायत, आणि त्यांच्या वर कुठूनतरी ताई म्हणतायत, "चला, लहानूभाऊ, वाजवा!"

त्यानं पावरी तोंडाला लावली.

तो सूर सभागृहात आला तेव्हा पुढच्या रांगांतल्या लोकांनी नकळत मागे रेलून बसायला सुरुवात केली, जसं पाणी अंगावर येताना माणूस करतो. तांबट सरांची पेन्सिल थांबली. नवसाबाईनं पदर तोंडाला लावला.

"वा! असंच. आता डावा पाय पुढे. अहो, कुकर! तीन झाल्या, बंद करा तो! नाही लहानूभाऊ, तुम्हाला नाही, ह्यांना सांगतेय."

हशाची लाट उठली आणि बऱ्याच बायकांनी शेजारी बसलेल्या नवऱ्यांकडे पाहिलं. ललितनं कपाळावर हात मारून घेतला. पण पुढचं वाक्य आलं आणि त्याचा हात कपाळावरच राहिला. कारण हा तो भाग होता, जो त्यानं ऐकलाच नव्हता.

"गेले ते," स्पीकरमधली ज्योत्स्ना हळू आवाजात म्हणाली. हळू बोललेलं स्पीकरमधून जास्तच ऐकू येतं. "लहानूभाऊ, आता तुमच्यामाझ्यात सांगते. ह्यांना वाटतं ह्या संगणकाशिवाय तुम्हाला वाजवता येणार नाही. तीन महिने झाले, घरात दुसरं बोलणं नाही. माणूस चांगला आहे हो, पण वायरीत गुंतलाय. तुम्ही काही मोजू नका. तुम्हाला वाटेल तसं बिनधास्त वाजवा. मात्रा चुकली तर मी बघून घेईन. आले वाटतं. हं! तर लहानूभाऊ, आता थांबा. आता सोळा मात्रा बासरी ऐकायची."

लहानू थांबला. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बासरी नव्हती. ती लहानूच्या एका कानात एकटीच वाजत होती. तो डोळे मिटून, मान हलवून ती ऐकत होता, आणि सहाशे माणसं श्वास रोखून त्याला ऐकताना बघत होती. विंगेत वाळूमामा ललितच्या कानाशी कुजबुजले, "साहेब, करू का वायर?"

"नको," ललित म्हणाला. "नका हात लावू. मीही नाही लावत."

सोळा मात्रा संपल्या. लहानूनं डोळे उघडले, हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि पावरी उचलली. त्यानंतरचं काही संगणकात नव्हतं, कागदावरही नव्हतं. तो वाजवत रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. चौथ्या रांगेत नवसाबाई उठली. तिनं ज्योत्स्नाचा हात पकडला, दुसरा हात पलीकडच्या बाईनं धरला, आणि खुर्च्यांमधल्या वाटेत बघता बघता एक साखळी तयार झाली. कॅंटीनचे आचारी त्यात होते, पेंटशॉपचा तबलजी होता. मधूनच स्पीकरमधून "छान, अगदी छान" असं येत होतं आणि साखळी आणखी जोरात फिरत होती. शेवटी ज्योत्स्नाचा आवाज म्हणाला, "झालं. आता वाकून नमस्कार." लहानूनं वाजवता वाजवता नमस्कार केला, आणि सगळ्या साखळीनंही केला. "अहो, आता बंद करा हे, भाजी करपतेय," एवढं म्हणून आवाज बंद झाला. पावरी मात्र त्यानंतर चांगली पाच मिनिटं चालू होती. वेळेची घंटा वाजवायचं काम ज्याच्याकडे होतं, तो साखळीत होता.

देवस्थळी साहेब स्वतः रंगमंचावर आले. "कुठल्या खात्यात आहात?" त्यांनी लहानूला विचारलं.

"लोडिंग, साहेब."

"इतकी वर्षं होतात कुठे?"

"गेटच्या आतच होतो, साहेब," लहानू म्हणाला. साहेबांनी माइक हातात घेऊन "लहानू भोये" हे नाव दोनदा उच्चारलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

मग तांबट सर उठले. "चाळीस वर्षं स्पर्धा पाहतोय," ते म्हणाले. "कलावंताच्या मनातला आवाज श्रोत्यांना ऐकवायचा आणि त्याच्या कानातलं संगीत मात्र त्याच्यापाशीच ठेवायचं, हे धाडस मी आज प्रथम पाहिलं. ती सोळा मात्रांची शांतता! ही कल्पना कोणाची?"

सगळ्यांनी विंगेकडे पाहिलं. ललितला क्षणभर मोह झाला. पण तो टूलरूमचा माणूस होता. माप चुकलेलं असताना बरोबर आहे म्हणणं त्याच्या हाडात नव्हतं. तो पुढे आला. "सर, खरं सांगतो. दोन्ही वायरी एकमेकींच्या जागी गेल्या. सूचना ऐकू जायच्या नव्हत्या, आणि बासरी जायची होती."

सभागृह हसलं. तांबट सरांनी भारावून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बघा," ते म्हणाले, "एवढं करून वर हा विनय!"

टूलरूमला पहिलं बक्षीस मिळालं. आमटी वाढणाऱ्यानं ललितच्या पाठीवर अशी थाप मारली, की दोन दिवस दुखत होती. रिक्षातून परत येताना मॉनिटर पुन्हा ज्योत्स्नाच्या मांडीवर होता.

"वायरीत गुंतलाय," ललित म्हणाला.

"चांगला आहे असंही म्हटलंय त्यात," ज्योत्स्ना बाहेर बघत म्हणाली. "तेही सहाशे लोकांनी ऐकलंय."

खरा घोटाळा सोमवारी झाला. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं. विभागीय फेरीसाठी नाशिकची निवड झाली होती, आणि परीक्षकांच्या शिफारशीवरून कार्यक्रम 'जसाच्या तसा' सादर करायचा होता.

जसाच्या तसा! म्हणजे तीच चूक पुन्हा, ठरवून, मापात. ललित संगणकापुढे बसला. डबी मागच्या तोंडात लावली; संगणकानं एव्हाना तिला ओळखून ठेवलं होतं, सगळं सुतासारखं सरळ वाजलं. नंबर मुद्दाम उलटे केले. दोन्ही आवाज हेडफोनमध्ये जाऊन बसले. डबी तिसऱ्या तोंडात लावली. दोन्ही आवाज स्पीकरमध्ये आले. त्यानं वाळूमामांना घरी बोलावलं, दोघांनी एकाच वेळी उलटं करून पाहिलं, परत करून पाहिलं, एकमेकांवर सोपवूनही पाहिलं. चार दिवस हे चाललं. मुद्दाम करायला गेलं की चूक हाती लागेना.

ज्योत्स्नालाही वाटलं आपल्या सूचना जरा नीटनेटक्या व्हाव्यात. तिनं नव्यानं रेकॉर्ड केल्या, पण या वेळी सहाशे माणसं ऐकणार हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे "आपला डावा चरण किंचित पुढे घ्यावा" असं काहीतरी तिच्या तोंडून निघालं. लहानूनं ते ऐकलं आणि विचारलं, "ताई, ही कोन बाई?"

रविवारी सगळे ललितच्या घरी जमले. फॉर्म भरून पाठवायचा शेवटचा दिवस होता. लहानूनं चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, सांगू का? त्या दिशी मला कानातलं काय कामालाच आलं नाय. लोकांनी मोजलं, ताईंनी 'वाजवा' म्हटलं, मी वाजवलं. ताई तिथं उभ्या राहून बोलल्या तर काय बिघडंल?"

"तेच म्हणते मी," ज्योत्स्ना म्हणाली. "मी येते ना पुण्याला. समोर उभी राहते आणि बोलते. मनात येईल ते."

"आणि बासरी?"

"त्या येळी मी डोळे मिटतो," लहानू म्हणाला. "आता पाठ झालीय मला. आयकू येती."

ललितनं संगणकाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. मग त्यानं फॉर्म पुढे ओढला. पावरीवादन: लहानू भोये. सूचना: सौ. ज्योत्स्ना मौले. शेवटचा रकाना होता 'तंत्रज्ञ व त्याचे काम'. त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग त्यानं टूलरूमच्या नेटक्या, सरळ अक्षरात लिहिलं: 'ललित मौले. कशालाही हात न लावणे.'

ज्योत्स्नानं त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. "जमेल का पण?"

"बघू," ललित म्हणाला. "सराव करावा लागेल."